बाटलींत पाणी किती भरावें?



आजच्या भाषणासाठीं मीं जो विषय घेतला आहे, तो कित्येकांना पोरकट वाटण्याचा संभव आहे. सरबताची एक रिकामी बाटली घ्यावी, तींत थोडें पाणी घालावें, सायकलच्या पंपानें आंत हवा कोंबावी, आणि तोंड खालीं करून ती बाटली आकाशांत सोडून द्यावी, इतकाच हा खेळ. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाचें निमित्त साधून सहावी ते आठवीच्या वर्गांतून तो अनेक ठिकाणीं खेळला जातो. मुलें त्याला पाण्याचें रॉकेट म्हणतात. अग्नीचा त्यांत लवलेशही नसल्यामुळें ‘अग्निबाण’ हा आपला शब्द येथें शोभत नाहीं. म्हणून आजच्यापुरतें मी त्याला ‘जलबाण’ असें म्हणणार आहें.

जलबाण उडाला म्हणजे टाळ्या पडतात, मुलें ओरडतात, आणि पुढच्या तासाची घंटा होते. पुष्कळदां गोष्ट एवढ्यावरच संपते. ती एवढ्यावर संपूं नये, हें सांगण्यासाठीं मी आज आपणांपुढें आलों आहें. या खेळाच्या पोटीं एक लहानसा प्रश्न दडलेला आहे, आणि खेळांतील सारी विद्या त्या प्रश्नांत आहे. तो प्रश्न असा: बाटलींत पाणी किती भरावें?

हा प्रश्न मुलांना विचारून पाहा. एक म्हणेल, ‘काठोकाठ भरा, पाणी जितकें जास्त तितका बाण उंच.’ दुसरें म्हणेल, ‘पाणी नकोच, बाटली जितकी हलकी तितकी ती वर जाईल.’ तिसरें एखादें सावध मूल म्हणेल, ‘अर्धी भरावी.’ दोन टोकांच्या मध्यें उभें राहिलें म्हणजे फारसें चुकत नाहीं, हा शहाणपणा तें घरींच शिकलेलें असतें. या तीन उत्तरांपैकीं एकही बरोबर नाहीं. परंतु प्रत्येकांत सत्याचा थोडा अंश आहे. तो अंश कोणता आणि किती, हें शोधून काढणें म्हणजेच पदार्थविज्ञान.

आपल्या नांदेड-लातूरकडे या प्रश्नाला आणखी दोन कारणांनीं महत्त्व आहे. पहिलें कारण पाण्याचेंच. एप्रिल २०१६ मध्यें लातुरास प्यावयाचें पाणी मिरजेहून आगगाडीनें आणावें लागलें. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारें पांच लाख लिटर पाणी आलें. ज्या घरानें तो उन्हाळा काढला, त्या घरांतील आजी नातवाला पाणी हवेंत उडवितांना पाहून रागावली, तर तिचें रागावणें योग्यच आहे. म्हणून तिच्यापुढें हिशेब ठेवला पाहिजे. दोन लिटरच्या बाटलीला एका उड्डाणास अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतें. म्हणजे एका सकाळच्या पंधरा उड्डाणांना साधारण दहा लिटर, एक लहान बादली. तीही शेवटीं जमिनींतच जाते. उड्डाणाची बैठक एखाद्या झाडाच्या आळ्याजवळ मांडली, तर झाडाला पाणी घातल्याचें पुण्यही पदरीं पडतें. आणि पुढें आपण पाहणारच आहों कीं, अधिक पाणी ओतल्यानें बाण अधिक चढत नाहीं, उलट खालीं राहतो. उधळपट्टी करणाऱ्याला येथें निसर्गच दंड करतो.

दुसरें कारण आमच्या विद्याभ्यासाचें. परीक्षेच्या तयारीसाठीं लातूर आणि नांदेड हीं दोन शहरें सर्व महाराष्ट्रांत नांवाजलेलीं आहेत. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द दूरदूरचे पालकही जाणतात, आणि आपल्या मुलांना येथें शिकावयास पाठवितात. त्या मेहनतीला नांवें ठेवण्याचा माझा हेतु नाहीं. गरीब घरच्या कितीतरी मुलांचें त्या मेहनतीनें कल्याण झालें आहे. परंतु चार पर्यायांतून एक निवडण्याची संवय ज्या मनाला लहानपणापासून लागते, त्या मनाची अशी समजूत होते कीं, प्रत्येक प्रश्नाचें उत्तर कोणाच्या तरी वहींत आधींच लिहिलेलें असतें. जलबाणाच्या प्रश्नाचें उत्तर कोणाच्याच वहींत नसतें. तें त्या बाटलीच्या वजनावर, तिच्या तोंडावर, आंतल्या हवेच्या दाबावर अवलंबून असतें. आणि तें काढावयाचें म्हणजे मैदानावर जाऊन मोजावें लागतें.

आतां बाण उडतो कसा, तें पाहूं. नदीवर मोकळ्या नावेंतून पाण्यांत उडी घेणारा माणूस ज्यानें पाहिला असेल, त्याला हें समजावयास वेळ लागणार नाहीं. माणूस पुढें झेपावला कीं नाव मागें सरते. माणूस जितका जड आणि उडी जितकी जोराची, तितकी नाव अधिक सरते. जलबाणांत उडी घेणारें तें पाणी, आणि सरणारी नाव ती बाटली. पाणी खालीं उडी घेतें, बाटली वर सरते. क्रियेबरोबर तितकीच उलट प्रतिक्रिया असते, हा न्यूटननें १६८७ सालीं ग्रंथांत मांडलेला तिसरा नियम तो हाच.

पण पाण्याला उडी घ्यावयास लावतो कोण? तें काम दाबलेल्या हवेचें. या खेळांत दोन पात्रें आहेत आणि त्यांचीं कामें निरनिराळीं आहेत, हें नीट ध्यानांत ठेवावें. हवा जोर देते. पाणी फेकलें जातें. साध्या दाबाची एक लिटर हवा भरते सुमारें सव्वा ग्रॅम. दोन लिटरच्या बाटलींत ती पांचपट दाबून भरली, तरी सगळी मिळून बारा ग्रॅमच्या आसपास. नावेंतून पोरगें चिमणीएवढें उडालें तर नाव काय सरणार? म्हणून नुसती हवा भरलेली बाटली ‘फट्’ असा आवाज करून थोडी वर जाते आणि परत येते. उलट बाटली काठोकाठ पाण्यानें भरली, तर फेकावयास पुष्कळ आहे, पण फेकणारा कोणीच नाहीं; कारण पाणी दाबलें तरी दबत नाहीं, आणि जें दबत नाहीं तें जोर साठवूं शकत नाहीं. म्हणजे ‘जास्त पाणी’ म्हणणारें मूल फेकल्या जाणाऱ्या वजनाचा विचार करीत होतें, ‘पाणी नको’ म्हणणारें मूल बाटलीच्या हलकेपणाचा. आणि हवेला जागा लागते, हें दोघांच्याही मनांत आलें नव्हतें.

येथें एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. पाणी जमिनीवर आपटतें आणि म्हणून बाण वर ढकलला जातो, असें पुष्कळांस वाटतें. मोठ्या माणसांसही वाटतें. अमेरिकेंत रॉबर्ट गॉडर्ड नांवाचे प्राध्यापक चंद्रापर्यंत जाऊं शकेल अशा अग्निबाणाच्या शक्यतेविषयीं लिहूं लागले, तेव्हां १९२० च्या जानेवारींत ‘न्यू यॉर्क टाइम्स’ या पत्रानें अग्रलेखांत त्यांचा उपहास केला. निर्वात पोकळींत ढकलावयास कांहींच नाहीं, तेथें अग्निबाण चालेल कसा, हें शाळेंतलें पदार्थविज्ञानही या गृहस्थांस ठाऊक नाहीं, असा त्या टीकेचा रोंख होता. गॉडर्ड यांनीं वाद घालण्यापेक्षां काम केलें. १६ मार्च १९२६ रोजीं द्रव इंधनावरचा जगांतील पहिला अग्निबाण त्यांनीं उडविला. तो अडीच सेकंद हवेंत होता आणि चढला ४१ फूट, म्हणजे साडेबारा मीटर. पुढें जुलै १९६९ मध्यें माणसें चंद्राकडे निघालीं, तेव्हां १७ तारखेच्या अंकांत त्याच पत्रानें आपली चूक कबूल केली. गॉडर्ड यांना जाऊन तेव्हां चोवीस वर्षें झालीं होतीं. हा गैरसमज शाळेंत घालविण्यास एवढे दिवस लागण्याचें कारण नाहीं. बैठक एकदां जमिनीलगत ठेवा, एकदां मीटरभर उंच आणि घट्ट रोंवलेल्या तिवईवर ठेवा, आणि दोन्ही वेळां बैठकीपासून बाण किती चढला तें मोजा. जमीन दूर गेल्यानें बाणाचें कांहीं अडत नाहीं, हें मुलांच्या दृष्टीस पडतें. बाण ढकलला जातो तो त्यानें जें फेकलें त्यामुळें; जें फेकलें तें पुढें कोठें आपटतें, याच्याशीं त्याला कर्तव्य नाहीं.

आतां साहित्याकडे वळूं. बाटली फसफसणाऱ्या सरबताचीच पाहिजे. साध्या पाण्याच्या पातळ बाटल्या या कामास मुळींच घेऊं नयेत. फसफसणाऱ्या पेयांतील वायूचा दाब सोसण्यासाठीं म्हणून जी बाटली केलेली असते, तिचा तळ बहुधा पांच पायांचा असतो. ती खूण मुलांना दाखवावी. पेट नांवाच्या प्लॅस्टिकची ही बाटली नॅथॅनिएल वायेथ या अमेरिकन अभियंत्यानें सिद्ध केली आणि १९७३ सालीं तिचें पेटंट मिळालें. वजनास हलकी, बळानें मोठी, आणि फुटली तरी कांचेसारख्या ठिकऱ्या न उडविणारी अशी ही वस्तु आपण रोज कचऱ्यांत टाकतों. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान कसें शिकवावें, याचा धडा पुण्याच्या आयुका संस्थेंतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेंत अरविंद गुप्ता यांनीं अनेक वर्षें घालून दिला. २०१८ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. जलबाण त्याच घराण्यांतला आहे.

बाण सरळ जावयाचा तर त्याला पिसें हवींत आणि टोकाला थोडें वजन हवें. जाड पुठ्ठ्याचीं तीन किंवा चार पिसें गळ्याच्या बाजूस, सारख्या अंतरावर, चिकटपट्टीनें बसवावीं. गरम करून लावण्याचा डिंक बाटलीस थेट लावूं नये. उष्णतेनें प्लॅस्टिक मऊ पडतें आणि नेमकें तेथेंच फुटतें. तळाच्या बाजूस, जी उडतांना वर असते, तेथें जुन्या चेंडूची अर्धी वाटी बसवून तींत थोडी चिकणमाती भरावी. टोक मऊच असावें. धातूचें किंवा अणकुचीदार कांहींही लावूं नये. मग रिकाम्या बाणाचा तोल जेथें साधतो तेथें दोरा बांधून तो डोक्याभोंवतीं गरगर फिरवावा. टोक पुढें ठेवून तो फिरला तर आकाशांतही सरळ जाईल. आडवा किंवा उलटा फिरला तर टोकाचें वजन वाढवावें किंवा पिसें मोठीं करावीं. वारा पिसांना मागें ढकलतो आणि जड टोक पुढें राहतें, हें धनुष्याचा बाण करणाऱ्यांना फार पूर्वींपासून ठाऊक होतें.

बैठकीचे दोन प्रकार आहेत. पहिल्यांत रबरी बुचाला भोंक पाडून त्यांतून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवितात, बूच बाटलीच्या तोंडांत घट्ट दाबतात, आणि हवा भरतां भरतां दाब बुचाला आवरेनासा झाला म्हणजे बाण आपोआप सुटतो. करावयास हा सोपा. पण बूच कधीं घट्ट बसतें, कधीं सैल, त्यामुळें प्रत्येक खेपेस दाब निराळा. अशा बाणानें गंमत होते, तुलना होत नाहीं. दुसऱ्या प्रकारांत बाटलीच्या गळ्यांत जेमतेम बसेल अशी प्लॅस्टिकची नळी उभी करतात, गळ्याखालच्या कड्याला नायलॉनच्या पट्ट्यांच्या डोक्यांनीं अडकवून ठेवतात, त्या पट्ट्यांवर एक सरकतें कडें बसवितात, आणि दूरवरून दोरी ओढून कडें खालीं खेंचलें कीं बाण सुटतो. पंपाला दाब दाखविणारी तबकडी असली म्हणजे दर खेपेस हवा तेवढाच दाब घेतां येतो. हा प्रकार करावयास दोन दिवस जास्त लागतात, पण आपला प्रश्न सोडविण्यास हाच पाहिजे.

आतां पुन्हां त्या प्रश्नाकडे येऊं. बॉइलचा नियम आपणांपैकीं पुष्कळांना आठवत असेल. १६६२ सालीं प्रसिद्ध झालेला तो नियम सांगतो कीं, तापमान तेंच असतां हवेला दुप्पट जागा मिळाली म्हणजे तिचा दाब निम्मा होतो. समजा, आपण दोन लिटरच्या बाटलींत हवा बाहेरच्या हवेच्या पांचपट दाबानें भरली. पाणी बाहेर जाऊं लागलें कीं आंतल्या हवेला जागा मिळत जाते आणि तिचा दाब उतरत जातो. शेवटचा थेंब बाहेर पडतांना तो किती उरतो, हें पाटीवर काढतां येतें. अर्धा लिटर पाणी भरलें असेल, तर दीड लिटर हवा पसरून दोन लिटर होते; दाब पांचपटीवरून पावणेचारपटीवर येतो, म्हणजे शेवटच्या थेंबालाही चांगला जोर मिळतो. एक लिटर पाणी भरलें, तर दाब अडीचपटीवर येतो. दीड लिटर भरलें, तर अर्ध्या लिटर हवेला चौपट पसरावें लागतें आणि दाब सव्वापटीवर येतो. बाहेरच्या हवेपेक्षां जेमतेम पाव अधिक. आणि एक लिटर सहाशें मिलिलिटर भरलें, तर दाब बाहेरच्या हवेइतकाच उरतो. म्हणजे शेवटलें पाणी कोणी ढकलतच नाहीं. बाण तें ओझें उगीच घेऊन फिरतो. प्रत्यक्षांत हवा पसरतांना थंडही होते, त्यामुळें दाब या आंकड्यांहून आणखी खालीं जातो. एवढा त्रैराशिकाचा हिशेब सातवीच्या मुलाला येतो, आणि ‘काठोकाठ भरा’ म्हणणारें मूल तो करून झाल्यावर आपण होऊन गप्प बसतें.

या दाबाचा जोर केवढा असतो, तेंही सांगण्यासारखें आहे. बाहेरच्या हवेपेक्षां चौपट अधिक दाब असला, तर पाण्याची धार प्रथम सेकंदाला सुमारें २८ मीटर वेगानें, म्हणजे ताशीं १०० किलोमीटरच्या वेगानें निघते. बाटलीचें तोंड असतें २२ मिलिमीटरच्या आसपास. तेवढ्या तोंडांतून बाणाला मिळणारा पहिला धक्का तीस किलो वजनाइतका भरतो. पाऊण लिटरहून कमी पाणी एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आंत संपून जातें. पुढचें सारें चढणें त्या एका धक्क्याच्या पुण्याईवर असतें.

मग पाणी किती भरावें? मुलें जवळ बसलीं असतील तर त्यांना क्षणभर पाणी आणावयास पाठवा, म्हणजे मी सांगतों. सामान्यतः बाटलीचा पाव ते तिसरा हिस्सा. बाण जड असेल तर किंचित् अधिक. पण हें मुलांना सांगूं नका. त्यांच्याकडून वहींत आधीं अंदाज लिहून घ्या, आणि मग मोजावयास लावा.

मोजावयाचें साधन फुकटचें आहे. कंपासपेटींतील कोनमापक घ्यावें, त्याच्या मध्यबिंदूला दोरा बांधून टोकाला एक नट लोंबकळत ठेवावा. सरळ कडेवरून बाणाचें शिखर पाहावें आणि दुसऱ्या मुलानें दोरा कोणत्या अंशावर आहे तें वाचावें. ९० मधून तो आंकडा वजा केला कीं दृष्टीचा कोन मिळतो. पाहणारा बैठकीपासून ४० मीटर दूर उभा असेल आणि कोन ४५ अंश आला, तर बाण पाहणाऱ्याच्या डोळ्यांपासून ४० मीटर चढला. ३५ अंश आला, तर २८ मीटर. ५० अंश आला, तर सुमारें ४८ मीटर. त्यांत डोळ्यांची उंची मिळवावी. आठवींतल्या मुलाला त्रिकोणमिति येत नसली तरी हरकत नाहीं. आलेख-कागदावर त्रिकोण काढून तो मोजला तरी उत्तर तेंच येतें. दोन बाजूंस दोन मोजणारे ठेवावे आणि त्यांनीं एकमेकांचें ऐकूं नये. गॉडर्ड यांचा पहिला बाण साडेबारा मीटर चढला होता, हें मुलांना आधीं सांगून ठेवावें. आपली सरबताची बाटली त्याच्या वर गेलेली पाहून त्यांना जो आनंद होतो तो विकत मिळत नाहीं. आणि गर्व होऊं नये म्हणून हेंही सांगावें कीं, दक्षिण आफ्रिकेंतील केप टाउन विद्यापीठाच्या मंडळींनीं ऑगस्ट २०१५ मध्यें पाणी आणि हवा यांवरच चालणारा बाण ८३० मीटर चढविला आहे.

मोजणीचे नियम थोडे आणि कडक असावे. दाब तोच, बाण तोच, बैठक तीच. बदलावयाचें फक्त पाणी. प्रत्येक मापाचीं तीन उड्डाणें करावीं. तीं तिन्ही सारखीं येणार नाहींत. वाऱ्याची झुळूक येते, पिसें वांकतात, डोळा चुकतो. तीन्ही आंकडे तंतोतंत जुळलेली वही एखाद्या मुलानें आणली, तर शिक्षकांनीं तिला पैकींच्या पैकीं गुण देण्याऐवजीं थोडा संशय घ्यावा. आंकडे लिहावे जसे आले तसे. न आवडलेला आंकडा खोडूं नये. माझ्या मतें या सर्व खेळांत मुलाच्या हातीं लागणारी मोठी वस्तु ती हीच. आपला अंदाज चुकला असें स्वतःच्या अक्षरांत लिहून ठेवण्याची, आणि त्याबद्दल कोणी गुण न कापण्याची, संधि त्याला आमच्या शाळांतून फारशी मिळत नाहीं.

आतां घरच्या वडीलमंडळींसाठीं चार शब्द. हा खेळ निरुपद्रवी आहे तो नियम पाळले तरच. पंप मारणाऱ्यानें बैठकीवर कधींही वांकूं नये. लांब नळीनें पांचसहा मीटरवरून हवा भरावी. डोळ्यांवर चष्मा असावा. बाहेरच्या हवेपेक्षां चौपट अधिक दाबाच्या, म्हणजे पंपाच्या तबकडीवरील ६० पौंडांच्या, वर शाळेंत जाऊंच नये. नवी बाटली प्रथम पाण्यानें काठोकाठ भरून त्याहून थोड्या अधिक दाबानें दुरून पारखावी. पाणी दबत नसल्यानें ती फुटली तरी नुसती गळते, उडत नाहीं. चरे पडलेली, चेपलेली किंवा उन्हांत पडून राहिलेली बाटली टाकून द्यावी. आमच्याकडे वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत बाटल्या सावलींत ठेवाव्या आणि उड्डाणें सकाळींच उरकावीं. दुपारीं वारा आणि वावटळी यांनीं मोजणीही बिघडते. दोरी ओढूनही बाण सुटला नाहीं, तर जवळ न जातां पंपाकडूनच हवा सोडून द्यावी. आणि खालीं येणारा बाण झेलावयास कोणी धांवूं नये. आणखी एक गोष्ट आपल्या काळ्या मातीची. पावसाळ्यानंतर तींत बैठकीच्या खुंट्या सहज रुततात आणि घट्ट बसतात. उन्हाळ्यांत ती भेगाळली म्हणजे खुंटी हलते आणि बाण तिरपा जातो. त्या दिवसांत बैठक जड फळीवर ठोकून वर दोन विटा ठेवाव्या.

अशा खेळानें काय साधणार, असें कोणी विचारील. २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं केरळांतील थुंबा या कोळ्यांच्या गांवाहून आपल्या देशाचा पहिला संशोधन-अग्निबाण उडाला. त्या केंद्राचें काम तेव्हां एका जुन्या चर्चच्या इमारतींतून चाले. पुढें आपल्या मराठी मुलखांतले डॉ. वसंत गोवारीकर तिकडे गेले, अग्निबाणाच्या घन इंधनावर त्यांनीं वर्षानुवर्षें काम केलें आणि विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे ते संचालक झाले. अग्निबाणाच्या त्या मोठ्या विद्येंतही मुख्य प्रश्न शेवटीं हाच असतो: फेकावयास किती घ्यावें आणि वाहावयास किती उरावें? इंधन फार घेतलें तर त्याचेंच ओझें होतें. थोडें घेतलें तर पोंचत नाहीं. आठवींतल्या मुलीच्या हातांतली बाटली आणि श्रीहरिकोट्याचा अग्निबाण यांत आकाराचें अंतर पुष्कळ आहे, प्रश्नाचें नाहीं.

शेवटीं एक बारीक गोष्ट सांगतों, ती सहसा कोणी पाहत नाहीं. बाण खालीं आल्यावर बाटली लगेच हातीं घेऊन उजेडाकडे धरावी. पुष्कळदां तिच्या आंत पांढरें धुकें भरलेलें दिसतें. कोंबलेली हवा एकाएकीं पसरली, पसरतां पसरतां थंड झाली, आणि तिच्यांतल्या ओलाव्याचे सूक्ष्म थेंब झाले. जमिनीवरची ओलसर हवा उंच चढून पसरते आणि थंड होते, तेव्हां आकाशांत जें घडतें तेंच हें. बाटलींत तयार झाला आहे तो एक लहानसा ढग. जून महिना उजाडला कीं ज्या मुलखांत लहानथोर सारे पश्चिमेकडे डोळे लावून बसतात, त्या मुलखांतल्या मुलांना ढग कसा होतो तें आपल्या हातांत धरून पाहावयास मिळावें, यासाठीं अर्धा लिटर पाणी महाग आहे असें मला वाटत नाहीं. येत्या एखाद्या रविवारीं शिकवणीचा एक तास बाजूला ठेवून मुलांना मोकळ्या मैदानावर न्या, वही-पेन्सिल बरोबर असूं द्या, आणि तीं पाणी किती भरूं असें विचारूं लागलीं, तर उत्तर देण्याची घाई करूं नका.